पत्रक अकरा-बाराचा सांधा

"भाऊ, आमच्या घरातनं पानी चाललंया," हौसामावशी म्हणाल्या आणि त्यांनी सुनेच्या हातातला मोबाइल घेऊन माझ्या टेबलावर ठेवला.

मे महिन्यातला बुधवार होता. गावात नळाला चार दिवसांआड पाणी, त्यात यांच्या घरातून कुठलं वाहणार? मी हसलो, चष्मा पुसला आणि बघितलं. मग हसू आलं नाही.

मोबाइलवर आमच्या नगरपालिकेचा नकाशा होता. बुरूड गल्लीतली घरं लाल चौकोनांनी दाखवलेली, एकूण सत्तावीस. आणि त्या चौकोनांच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओढ्याची निळी रेघ.

"घरं आम्हीच टाकलीत," उज्ज्वला म्हणाली. ही हौसामावशींची सून, बारावी झालेली, गल्लीतल्या बचत गटाची सचिव. "प्रत्येक दारात उभं राहून टाकली. ओढा मात्र तुमच्या नकाशातला, आपोआप आला. तीनदा चाललो भाऊ, उन्हातनं. तीनही वेळा असंच."

"आता नगरपालिकेचा नकाशा चुकंल व्हय?" हौसामावशी म्हणाल्या. "आमच्याच पोरींचं कायतरी चुकलंया. वाईच बघा की."

हौसामावशी साळुंखे साठीच्या होत्या. तीन वर्षांपूर्वी मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून डाव्या पायानं लंगडत, तरी गल्लीतून पालिकेपर्यंत चालत आल्या होत्या. त्यांना बसायला खुर्ची द्यायचंही मला सुचलं नाही.

"मोबाइलचं असं होतं," मी म्हणालो. "दहा-पंधरा मीटर इकडंतिकडं दाखवतो. काळजी करू नका."

"बगा, मी म्हनलं न्हवतं?" मावशी सुनेला म्हणाल्या, आणि दोघी समाधानानं गेल्या.

मी भित्रा माणूस आहे, हे इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची निराशा व्हायला नको. मी नगरपालिकेत अनुरेखक होतो. अनुरेखक म्हणजे मोजणीवाल्यांनी आणलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड पसरून काळ्या शाईनं त्याची स्वच्छ प्रत काढणारा माणूस. आमचं काम टेबलावरचं. गावातला इंच न् इंच मला ठाऊक, पण कागदावर. माझं अक्षर मात्र अख्ख्या तालुक्यात नावाजलेलं होतं. साहेब लोक बदलून जाताना निरोपाचं मानपत्र माझ्याकडूनच लिहून घ्यायचे.

त्या वर्षी बर्डे मॅडम मुख्याधिकारी म्हणून आल्या आणि कपाटातले नकाशे बाहेर आले. तोवर नकाशा बघायचा तर अर्ज करा, चार हेलपाटे घाला, शेवटी ओळख काढा, असा प्रकार होता. मॅडम म्हणाल्या, गावाचे नकाशे गावाचेच. रस्ते, गटारी, ओढे, प्लॉट, सगळं संगणकावर घाला आणि लोकांना खुलं करा. ज्याला हवं त्यानं घ्यावं. आणि ज्या गल्ल्यांमधली घरं नकाशावर कधी आलीच नाहीत, त्या गल्लीतल्या लोकांनी ती स्वतः टाकावीत. 'लोकनकाशा' असं त्याचं नाव. शुक्रवारी दुपारी चार वाजता सभागृहात तो खुला व्हायचा होता. त्याआधी प्रत्येक पत्रक, म्हणजे नकाशाचा एकेक तुकडा, मूळ नकाशाशी ताडून 'बरोबर आहे' अशी सही करायची, हे काम माझ्याकडे. एकावन्न पत्रकं होती. पन्नासांवर सही झाली होती. राहिलं होतं ते बुरूड गल्लीचं, बारा नंबरचं.

आणि त्याच आठवड्यात जिल्ह्यावरून पत्र आलं होतं. ओढ्या-नाल्यांच्या पात्रातली बांधकामं नकाशावरून शोधा, यादी करा आणि पाऊस सुरू व्हायच्या आत काढून टाका. शुक्रवारी नकाशा खुला झाला की सोमवारी त्याच्यावरूनच यादी होणार होती. बुरूड गल्लीची सत्तावीस घरं त्या निळ्या रेघेवर टांगलेली होती.

मोबाइल चुकला नव्हता. पोरीही चुकल्या नव्हत्या.

बावीस वर्षांपूर्वी गावाचा विकास आराखडा चालला होता. गावाचा नकाशा एका कागदावर मावत नाही, त्याची पत्रकं करतात, आणि शेजारची दोन पत्रकं कडेला कड लावली की रस्त्याला रस्ता आणि ओढ्याला ओढा मिळाला पाहिजे. त्याला आम्ही सांधा म्हणायचो. अकराव्या पत्रकाची मोजणी एकानं केलेली, बाराव्याची दुसऱ्यानं, तीही सहा वर्षांनी. कडेला कड लावली तर ओढा बोटभर चुकला. अकरावर एकीकडे संपायचा, बारावर दुसरीकडे सुरू व्हायचा. कागदावर बोटभर म्हणजे जमिनीवर पंधरा मीटर.

मी पाठक साहेबांकडे गेलो. ते तेव्हाचे आमचे वरिष्ठ. नकाशे दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचे होते.

"फेरमोजणी करायला वेळ आहे का?" ते म्हणाले.

"नाही साहेब."

"मग? पाणीच आहे ना ते? जुळवून टाक."

मी वळणं आखायचा फ्रेंच कर्व्ह लावला आणि बारावरचा ओढा हळूच वाकवत अकराच्या टोकाला आणून भिडवला. इतकं सुरेख वळण आलं की पाठक साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली. खरा ओढा बाराव्या पत्रकावर होता तिथेच होता, गल्लीच्या मागे, २१२ नंबरच्या मोकळ्या प्लॉटमधून वाहणारा. मी तो कागदावर गल्लीत आणून सोडला. पुढे पाठक साहेब निवृत्त झाले आणि वारलेही. आराखडा मंजूर झाला, राजपत्रात आला आणि कपाटात गेला.

आता कपाट उघडलं होतं.

गुरुवारी सकाळी उज्ज्वला धावतच आली. घामानं चेहरा डबडबलेला, पण खूश.

"झालं भाऊ! तुम्ही म्हणाला तसंच होतं. मोबाइल पंधरा मीटर चुकत होता. काल सगळ्याजणी बसून आम्ही सत्तावीसच्या सत्तावीस घरं सरकवली. बघा आता."

मी बघितलं. सगळे लाल चौकोन उचलून तिनं निळ्या रेघेच्या पलीकडे नेऊन ठेवले होते, ओळीनं, एकालाही धक्का न लावता. एकही घर पाण्यात नव्हतं. नकाशा देखणा दिसत होता. त्यांनीही सांधा जुळवला होता.

"आत्तीनं स्वतःचं घर स्वतःच्या बोटानं सरकवलं," ती सासूबद्दल म्हणाली. "म्हणाल्या, भाऊंनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार."

ती गेल्यावर शेजारच्या टेबलावरून कोळेकर उठून आला. हा आमच्या बांधकाम परवानगीचा लिपिक. सांध्याची गोष्ट त्याला मी एकदा कधीतरी बोलून गेलो होतो. मनात ठेववेना. एक जण तरी विश्वासाचा लागतो.

"काय राव, नशीब काढलंत," तो हळूच म्हणाला. "बायकांनी आयतं जुळवून दिलं. मारा सही आणि व्हा मोकळे."

"अरे, पण ती घरं आता २१२ मध्ये गेली. तो प्लॉट खासगी आहे."

"आहेच. मालकानं इमारतीची परवानगी मागितलीय. माझ्याच टेबलावर आहे फाइल."

"मग उद्या तो म्हणेल, माझ्या जागेत सत्तावीस घरांचं अतिक्रमण आहे. आणि नकाशा यांनीच काढलाय, यांच्याच हातानं."

"म्हणू दे की. कोर्टात जातील, दहा वर्षं भांडतील. तोवर तुम्ही कुठं असाल?" त्यानं खिशातून तंबाखूची पुडी काढली. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, चिपरीकर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बरोबरच होतं त्याचं. घरं जिथल्या तिथे ठेवावीत तर ओढ्यात, म्हणून पाडणार. पलीकडे न्यावीत तर दुसऱ्याच्या जागेत, म्हणून काढणार. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेली. तिसरा रस्ता एकच होता, आणि तो माझ्या अंगावरून जात होता.

मी जेवणाचा डबा उघडला नाही. पेन हातात घेऊन त्या राहिलेल्या पत्रकासमोर दीड वाजेपर्यंत बसलो. सही करायला तीन सेकंद लागतात. दोनदा पेन टेकवलंही. मग उठलो आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. धीर आला म्हणून गेलो नाही. त्या खुर्चीत आणखी बसवेना, म्हणून गेलो.

बर्डे मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. वयानं माझ्या मुलीएवढ्या. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"पाठक साहेबांनी सांगितलं म्हणून तुम्ही वाकवलात."

"होय मॅडम."

"बावीस वर्षांपूर्वी, एकदाच."

"होय."

त्यांनी घंटी वाजवून बुरूड गल्लीची फाइल मागवली. मला वाटलं होतं, इतकी जुनी फाइल सापडणार नाही. पाच मिनिटांत आली. त्या एकेक कागद उलटत गेल्या आणि मध्येच थांबल्या.

"हौसाबाई साळुंखे. शौचालयासाठी अर्ज, दोन हजार तीन. शेरा, 'सदर घर ओढ्याच्या पात्रात येते, सबब नामंजूर.' पुन्हा हौसाबाई साळुंखे, दोन हजार अकरा. तोच शेरा. पुन्हा दोन हजार चौदा." त्यांनी फाइल माझ्याकडे फिरवली. "अक्षर सुंदर आहे. कुणाचं?"

तालुक्यात कुणीही ओळखलं असतं. अर्जावर नकाशा बघून शेरा मारायचं कामही माझ्याकडेच होतं.

"माझं."

"पहिल्या वेळी तुम्हाला माहीत होतं?"

"नाही. तेव्हा मी नकाशाच बघून लिहिलं. मी तिथे कधी गेलोच नव्हतो."

"आणि दोन हजार अकराला?"

दोन हजार सातला माझ्या मुलीचं लग्न होतं. रुखवतासाठी सुपं आणि दुरड्या सांगायला मी बुरूड गल्लीत गेलो होतो, आयुष्यात पहिल्यांदा. हौसामावशींच्या अंगणात उभा राहून सहज विचारलं, ओढा कुठंय हो इथला? त्यांनी मागे हात केला. तिकडं, लांब, आमचे बांबू भिजत घालतो तिथं. मी बघितलं आणि सगळं कळलं. त्यांनी मुलीसाठी एक सूप वरचं दिलं. मी ते काखेला मारून घरी आलो.

"माहीत होतं," मी म्हणालो.

"आणि तरी लिहिलंत."

"खरं लिहिलं असतं तर आधीचं खोटं ठरलं असतं, मॅडम."

त्यांनी फाइल मिटली. शौचालय नाही म्हणजे काय, ते त्यांना सांगायची गरज नव्हती. भल्या पहाटे डबा घेऊन गल्लीतल्या बायका त्याच ओढ्यावर जायच्या. तिथल्याच दगडांवरून घसरून हौसामावशींचं हाड मोडलं होतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, कुबडी घेऊन, त्या तिसरा अर्ज द्यायला आल्या होत्या. मी तो हातात घेऊन म्हणालो होतो, मावशी, वर पाठवतो.

"मंजूर नकाशावरची रेघ मी हलवू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "त्याला शासनाची मंजुरी लागते, वर्ष-दोन वर्षं जातील. पण जागेवर मोजमाप घेऊन खरा ओढा शेजारी वेगळ्या रेघेनं दाखवता येतो. मोजमापाचा अहवाल आणि चूक कशी झाली त्याचा लेखी खुलासा असेल, तर यादीला मी स्थगिती मागू शकते. खुलासा तुम्हालाच लिहावा लागेल."

"मला दोन वर्षं राहिलीत, मॅडम."

"मला माहीत आहे." त्या उठल्या. "आणि लोकांना न सांगता मोजायचं नाही. ती घरं त्यांनी सरकवलीत, त्यांनीच परत जागेवर आणायची. उद्या चारला मी नकाशा खुला करणार. तोपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा."

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी टेप आणि वही घेऊन बुरूड गल्लीत गेलो. वाटेत दोनदा परत फिरलो होतो, तेही सांगायला हवं.

हौसामावशी अंगणात बांबूच्या कांब्या काढत बसल्या होत्या. उज्ज्वला दुरडीचं बूड घालत होती. मला बघून दोघींनी पदर सावरला.

"या भाऊ! आज मोठा दिस. आमी समद्याजणी जानार हाय चारला. उज्ज्वले, च्या टाक."

"चहा नको मावशी. बसतो जरा." मी ओट्यावर टेकलो. "ती घरं परत जागेवर आणायला पाहिजेत."

"परत पाण्यात?" उज्ज्वला म्हणाली.

"घरं पाण्यात नाहीत. पाणी मी तिथं काढलं."

आणि मग मी सांगितलं. सांधा, पाठक साहेब, ती वाकवलेली रेघ, यादी, २१२, सगळं. मध्येच गल्लीतल्या दोन-चार बाया कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या. हौसामावशींचा कोयता चालूच होता. एक कांब, दुसरी कांब. मी त्यांच्या हाताकडे बघून बोलत होतो.

"म्हंजे आमचा संडास न्हाई झाला, त्यो त्या रेघंपायी?"

"होय."

"आनि नामंजूर कोन लिवायचं?"

"मी."

कोयता थांबला. "सुपं न्यायला आला हुता तवा तुमी इचारलं हुतं मला, ओढा कुटं हाय म्हनून."

"होय मावशी."

"तवा कळलं तुमाला?"

"तेव्हा कळलं."

"त्याच्या म्होरं दोनदा अर्ज दिला मी. येकदा कुबडी घिऊन."

कुणी शिवी दिली असती, कुणी वही हिसकावून फाडली असती, तर मी सुटलो असतो. कुणीच काही केलं नाही. कुडापाशी एक बाई डोळ्याला पदर लावून उभी होती. तिचं नाव मला माहीत नव्हतं, पण तिच्याही अर्जावर माझंच अक्षर असणार.

"आत्ती, जाऊ द्या ह्यांना," उज्ज्वला म्हणाली. "आपल्याला न्हाई मोजून घ्यायचं ह्यांच्याकडनं. मॅडमकडं जाऊ आपण."

तसं झालं असतं तर मोजमाप दुसऱ्या कुणी केलं असतं आणि खुलासा कधी आलाच नसता. क्षणभर मला बरं वाटलं, हेही खरं. मी टेप पिशवीत परत घालायला लागलो.

"थांबा," हौसामावशी म्हणाल्या.

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि माझ्यापाशी आल्या. टेपला दोन माणसं लागतात. एकानं घराच्या भिंतीशी धरायची, दुसऱ्यानं टोक घेऊन जायचं. त्यांनी टेपचं टोक माझ्या हातातून घेतलं. लंगडत, घराला वळसा घालून त्या मागच्या उतारावरून ओढ्याकडे निघाल्या. उज्ज्वला हात द्यायला धावली, तिला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. फीत माझ्या हातातून सरसर सुटत गेली आणि थांबली.

"किती?" खालून आवाज आला.

"चौदा मीटर साठ."

"लिवा!"

मी वहीत लिहिलं. त्या फीत धरून तशाच उभ्या होत्या, मागे त्यांचे भिजत घातलेले बांबू.

"काय लिवलं ते वाचा. मोट्यानं. समद्यांस्नी ऐकू येऊ दे."

मी वाचलं. "हौसाबाई साळुंखे यांचे घर. ओढ्यापासून अंतर चौदा मीटर साठ सेंटिमीटर."

"आनि चूक कुनाची त्ये?"

ते मी ऑफिसात बसून, नीट शब्द जुळवून लिहिणार होतो. उभ्या उभ्या लिहिलं. वही तळहातावर धरलेली, माझं अक्षर मलाच ओळखू येईना. मग तेही वाचलं. "चूक अनुरेखक मनोहर चिपरीकर यांची. माहीत असूनही सांगितली नाही."

पुढचं सगळं सरकारी चालीनं झालं. यादीतून गल्ली वगळली, माझ्यामागे चौकशी लागली आणि निवृत्तीनंतरही तीन वर्षं चालली. लोकांना वाटतं, ती माझी शिक्षा होती.

हौसामावशी वर आल्या. श्वास लागला होता त्यांना. टेपचं टोक त्यांनी सोडलं नव्हतं. माझ्याकडे न बघता त्या शेजारच्या घराकडे वळल्या, त्या डोळ्याला पदर लावलेल्या बाईच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता हितं."

सत्तावीस घरं होती. चार वाजायच्या आत त्यांनी मला ते सत्तावीस दारांत वाचायला लावलं.